अर्ध्या नावाची तबकडी

महादेवरावांचं कार्ड मंगळवारी आलं. अकोल्याला कापूस बाजाराजवळ त्यांचं रेडिओ-ग्रामोफोनचं दुकान आहे. भागीरथाबाईंच्या तबकडीला यंदा दहा वर्षं होतात, मुंबईची कंपनी ती नव्यानं काढणार आहे, पण कंपनीकडचा मूळ साचा खराब झाला आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली दोन रेघा मारून: 'साऱ्या वऱ्हाडात धड राहिलेली प्रत तुमच्याचकडे असेल. घेऊन या.'

माझी प्रत धड राहिली, यात माझं कौतुक काही नाही. मी ती भीत भीत वाजवायचो. वर्षातून एकदा, दीक्षेच्या दिवशी, नवी सुई लावून, खिडकी बंद करून. बाकीच्यांनी ती लग्नांत, जयंतीत, बारशात भोंग्यावर लावून लावून पांढरी करून टाकली. माझी तेव्हा काळी कुळकुळीत होती. माझी बायको सुंदराबाई म्हणायची, "तुमची रेकॉर्ड म्हंजे देवळातला नारळ. कोनी फोडाचा नाई."

सत्तावन्न साली निघालेली ती तबकडी. त्याच्या आदल्या वर्षी बार्शीटाकळीहून सहाजणी नागपूरला दीक्षेला पायी गेल्या होत्या. त्यांतल्या भागीरथाबाईंनी वाटेत गाणं जुळवलं: 'वाट नोको सांगू मले, पायाले ठाऊक हाय.' चार कडवी. शेवटच्या कडव्यात बरोबरच्या पाचजणींची नावं. कंपनीनं बोलावलं तेव्हा जाताना त्या पाचजणींना सांगून गेल्या होत्या, की तुमची नावं तबकडीवर येतील.

पण तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटंच मावतात. कंपनीचे वादक म्हणाले, तीन कडवी म्हणा आणि लाल दिवा लागला की थांबा. बाईंनी मान हलवली. तिसरं कडवं संपलं, दिवा लागला, आणि बाई थांबल्या नाहीत. चौथं कडवं त्यांनी एका दमात, दुप्पट वेगानं सुरू केलं. ढोलकीवाला मागून धावतोय, टाळ कुठच्या कुठे पडताहेत, हे तबकडीवर स्वच्छ ऐकू येतं. मैना चालली, कौशल्या चालली, केशर चालली, पार्वता चालली, शकु... आणि संपलं. पुढे सुईची खरखर.

दुसऱ्यांदा म्हणायला वेळ उरला नव्हता, म्हणून कंपनीनं ती तशीच काढली.

मी ती पहिल्यांदा ऐकली ती अमरावतीला, जयंतीच्या मिरवणुकीआधी. कडुनिंबाला भोंगा बांधला होता. 'शकु' वर आवाज तुटला आणि क्षणभर सगळे तसेच उभे. मग गर्दीतून बार्शीटाकळीकडची एक म्हातारी ओरडली, "शकुन!" लोक हसले. पुन्हा लावली, तेव्हा दहा-वीसजण ओरडले. तिसऱ्यांदा सगळेच. पुढे गावोगाव तेच झालं. ते कोणी ठरवलं नाही. बडनेऱ्याला पहिलं वर्षभर 'शकुंतला' म्हणत, मग अकोल्याच्या पाहुण्यांनी त्यांना एका लग्नात झापलं. आता नऊ-दहा वर्षांची पोरंसुद्धा चौथं कडवं लागलं की श्वास रोखून उभी राहतात.

मी कधी ओरडलो नाही. ओठांपर्यंत यायचं आणि तिथंच राहायचं.

बुधवारी सुंदराबाईच्या जुन्या लुगड्यात तबकडी गुंडाळून मी अमरावतीहून पॅसेंजरनं अकोल्याला गेलो. दुकानात कंपनीचे सबनीस नावाचे गृहस्थ बसले होते. पांढरा बुशशर्ट, बोलणं गोड. त्यांनी तबकडी उजेडात धरली, तिरकी केली आणि म्हणाले, "वा! हिच्यावर तर ओरखडासुद्धा नाही. आजोबा, तुम्ही आमचं काम केलंत."

"बाबू म्हना त्यायले," महादेवराव म्हणाले. "तीस वर्षं कचेरीत होते. मोतीरामबाबू."

दुकानाबाहेर महादेवरावांनी फळा लावला होता: 'नव्या तबकडीत काय हवे, ते श्रोत्यांनी सांगावे.' त्यामुळे आत चार-पाचजण जमले होतेच. अंजनगाव सुर्जीचे किसनराव त्यांत सगळ्यात पुढे. हा माणूस पानमळेवाला, दोन्ही गालांत कायम पान.

"लिहा सायेब," किसनराव म्हणाले. "येक, बाईचा फोटू पाह्यजे वरती. दोन, ढोलकीवाल्याचं नाव पाह्यजे, थ्या गरिबाचं कोनी घेतच नाई. अन् मांगची बाजू जशी हाय तशीच पाह्यजे. माह्या लग्नात मांगचीच बाजू वाजली होती. थे बदललं तं माहं लग्नच बदललं म्हना."

"बायको बी बदलून देते का कंपनी?" कोणीतरी मागून विचारलं.

"थे तू तुह्या घरी इचार."

सबनीस हसले. लिहून घेतल्यासारखं केलं. मग म्हणाले, "फोटो देऊ. नाव देऊ. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शेवट दुरुस्त करू. आता मोठ्या तबकड्या निघतात, जागेची अडचण नाही. पहिली तीन कडवी या प्रतीवरून उतरवून घ्यायची. चौथं कडवं भागीरथाबाई मुंबईला येऊन नव्यानं म्हणतील, सावकाश, मागे व्हायोलिन. पाचही नावं पुरी. जोड कळणारसुद्धा नाही. बाईंचा होकार आला आहे."

किसनरावांनी पान चघळायचं थांबवलं.

"म्हंजे तुटनार नाई?" त्यांनी विचारलं.

"नाही तुटणार."

"मंग आमी वरडाचं कवा?"

सबनीसांना प्रश्न कळला नाही. महादेवरावांनी समजावलं, तेव्हा ते म्हणाले, "ती गंमत आहे हो. पण अख्ख्या महाराष्ट्रात ही तबकडी जाणार. त्यांना वाटेल, मालच खराब आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण तबकडी माझी होती. मी कचेरीत नक्कलनवीस होतो. आमच्या कामाचा पहिला नियम असा, की मूळ कागदात चूक असेल तर नकलेतही ती चूकच उतरवायची. कागद फाटका असेल तर 'येथे कागद फाटला आहे' असं लिहायचं आणि पुढे जायचं. फाटलेली जागा आपल्या मनानं भरायची नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ती भरली होती. एका खरेदीखतावर 'किस' एवढंच शिल्लक होतं, मी 'किसन' लिहून मोकळा झालो. ती किसनी होती. तिच्या शेताचा निकाल माझ्या त्या एका अक्षरापायी दीड वर्ष अडला. ती बाई कचेरीच्या ओट्यावर येऊन बसायची आणि मी मागच्या दारानं घरी जायचो.

हे सगळं मला तिथं बोलायचं होतं. मी म्हणालो, "विचार करून सांगतो." आणि तबकडी पुन्हा लुगड्यात गुंडाळली.

"विचार कसला?" सबनीस म्हणाले. "बरं, मी रविवारपर्यंत इथं आहे."

बाहेर येऊन किसनरावांनी माझा दंड धरला. "बाबू, देऊ नोका."

"गाणं बाईंचं आहे, किसनराव. त्यांनाच बदलायचं असेल तर मी कोण?"

"तं जाऊन इचारा ना बाईले. तुमाले काय पाय नाईत?"

रात्र महादेवरावांकडे काढून सकाळच्या मोटारीनं मी बार्शीटाकळीला गेलो. वाटभर वाटत होतं की उतरून परत जावं. भागीरथाबाईंना मी कधी जवळून पाहिलं नव्हतं. त्या अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होत्या. आवाजावरून मला वाटल्या होत्या तेवढ्या उंच नव्हत्या.

"जय भीम, ताई. अमरावतीहून आलो. तुमच्या तबकडीबद्दल..."

"जय भीम. बसा जी." त्यांनी घोंगडी सरकवली. "कंपनीचे काय?"

"नाही. ऐकणारा."

"आयकनारे इतक्या दूर येतेत?" त्या हसल्या.

मी कसंबसं सांगितलं, की शेवट बदलू नये असं लोकांना वाटतं. त्यांनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या.

"दादा, मले सांगा, तुमाले पाच लेकी असत्या अन् चौघीयले लुगडं आनलं असतं, पाचवीले अर्धंच, तं तुमी काय केलं असतं? थे समोरचं घर दिसते का? थे शकुनचं. नागपूरच्या वाटीनं माह्या पायाले फोड आले तं माहं गाठोडं तिनं घेतलं होतं. दोन दिवस. अन् तिचंच नाव तुटलं. दहा वर्षं झाले, माह्याशी सरळ बोलत नाई. मी थे गानं तवापासून कोठीच म्हनलं नाई. आता कंपनी म्हनते पुरं करू, तं मी जाईन. पायी बी जाईन."

समोरच्या घराच्या दारात एक काटकुळी बाई येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आल्ले का आनखी कोनी माहं नाव मोजाले?" ती म्हणाली. "पहिले मोंढ्यात पोट्टे म्हनत, अर्धी शकुन चालली पाहा. म्हनलं, अर्धी तं अर्धी, पन मजुरी पुरी द्या."

"शकुन, पाहुने हायेत," भागीरथाबाई म्हणाल्या.

"हायेत तं राहू दे. मी काय चावून राहिली त्यायले?"

"शकुनबाई," मी म्हणालो, "अमरावतीला लोक तुमचं नाव पुरं करतात. तबकडी तुटली की सगळे मिळून ओरडतात."

"हासाले वरडत असतीन."

"नाही. आधी हसले होते. पण आता..." नऊ-दहा वर्षं जे कानांनी ऐकलं, ते शब्दांत घातलं की खोटं वाटायला लागलं. "तुम्ही कधीच ऐकलं नाही?"

"गावात थो तबकडीचा तवा कोनी लावतच नाई," भागीरथाबाई म्हणाल्या. "पहिल्या जयंतीले लावला तं हिनं भोंग्याचा वायर वढला. तवापासून भेतेत."

"वढला मंग! काहून नाई वढाचा?" शकुनबाई म्हणाली. "दुसऱ्या गावात लागला तं मी उठून जातो. अर्ध्या नावाले कोन बसन आयकत?"

मी तिथं फार वेळ बसलो नाही. उठताना एवढंच म्हणालो, की रविवारी दुपारी महादेवरावांच्या दुकानात ही तबकडी लागणार आहे, दोघींनी एकदा यावं. मग ताई म्हणतील तसं मी करीन. तबकडी त्यांची, प्रत तेवढी माझी. शकुनबाईनं "पाहू" सुद्धा म्हटलं नाही. आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

रविवारी दुकानासमोर गाड्या लावायला जागा नव्हती. किसनरावांनी अंजनगावचे तीसएक लोक आणले होते. वरूडहून कोणी आलं होतं, मूर्तिजापूरहून आलं होतं. बायका पायरीवर आणि पुरुष रस्त्यात. महादेवरावांनी भोंगा दुकानाच्या पाटीला बांधला होता. एक वाजला, दीड वाजला. सबनीस घड्याळ बघत होते. मला वाटलं, नाही येणार.

त्या आल्या. भागीरथाबाई पुढे. शकुनबाई पंधरा पावलं मागे, जणू त्या दोघी एकाच मोटारीनं आल्याच नाहीत. गर्दीतल्या बहुतेकांनी भागीरथाबाईंनाही कधी पाहिलं नव्हतं. शकुनबाईला तर कोणीच ओळखत नव्हतं. ती रस्त्याच्या पलीकडे सायकलवाल्याच्या खांबाला टेकून उभी राहिली.

मी लुगडं सोडलं. नवी सुई लावली. महादेवरावांनी ती टेकवली.

पहिली तीन कडवी लोक गुणगुणत होते. तिसरं संपताना सगळे गप्प झाले. मी माझ्या घरात बंद खिडकीआड ऐकायचो, तेव्हा या ठिकाणी मी एकटाच गप्प असायचो. इथं दोनशे माणसं होती. मग बाईंचा आवाज एकदम धावत सुटला, ढोलकी मागं, टाळ मागं. मैना, कौशल्या, केशर, पार्वता, शकु...

"शकुन!"

कापूस बाजाराच्या पत्र्यांवरची कबुतरं उडाली. लोक हसत नव्हते. पायरीवरच्या एका म्हातारीनं दोन्ही हात वर केले होते.

भागीरथाबाईंनी तोंडाला पदर लावला. मी रस्त्यापलीकडे पाहिलं. शकुनबाई खांबाला टेकलेली राहिली नव्हती. ती रस्त्याच्या मधोमध आली होती आणि एक टांगेवाला तिला बाजूला हो म्हणत होता.

"आनखी येक डाव लावा," ती म्हणाली.

पुन्हा लावली. पुन्हा तेच. तोवर ती लोकांमधून वाट काढत दुकानाच्या पायरीपर्यंत आली होती. किसनराव तिच्यावर खेकसले, "ओ बाई, काहून ढकलून राहिल्या? सारेच आयकाले आले."

"मी शकुन," ती म्हणाली.

किसनरावांचं तोंड उघडंच राहिलं. पानाचा लाल थेंब सदऱ्यावर पडला. मग त्यांनी हात जोडले आणि मागे बघून म्हणाले, "सरका रे. सरका. शकुन आली."

तिसऱ्यांदा लावली तेव्हा मी सुईकडे बघत नव्हतो, तिच्याकडे बघत होतो. शेवटचा आवाज तुटला आणि लोक ओरडले, तेव्हा तिनं नुसती "हाव" म्हणून ओ दिली.

सबनीस वाईट माणूस नव्हते. तेही थोडे हलले होते. पण ते म्हणाले, "फार छान. खरंच छान. हे सगळं मी कंपनीला सांगेन. पण पुण्या-मुंबईच्या ऐकणाऱ्याला हे कुठं माहीत? त्याच्या हातात पुरी वस्तू द्यायला हवी. बाबू, ती तबकडी द्या आता."

त्यांनी हात पुढे केला. आणि तेव्हा मी बोललो. आवाज फार मोठा नव्हता, पण भोंग्याचा माईक चालू राहिला होता, हे मला नंतर कळलं.

"देतो," मी म्हणालो. "मूळप्रमाणे नक्कल करणार असाल तर देतो. शकु पर्यंत, आणि पुढची खरखरसुद्धा. तीस वर्षं मी नकला केल्या. फाटलेल्या जागी एकदाच मनानं लिहिलं, ते अजून झोपू देत नाही. नवं कडवं हवं असेल तर पाठीमागं वेगळं घाला, वर लिहा की हे नवं आहे. पण हे असंच राहील. नाही तर माझी प्रत मी परत नेतो."

"आणि मग तबकडी निघालीच नाही तर?" सबनीस म्हणाले. "साचा नाही. दुसरी प्रत नाही. एका तुटक्या अक्षरासाठी तुम्ही अख्खं गाणं बुडवणार?"

मी भागीरथाबाईंकडे पाहिलं. गाणं त्यांचं होतं.

त्यांनी शकुनबाईकडे पाहिलं. "तुह्यासाठी मी हो म्हनली होती. तू सांग."

"मी काय सांगू?" शकुनबाई म्हणाली. "दहा वर्षं माहं नाव पुरं करा म्हून तुह्याशी भांडली मी. आता मले इचारतं तं आयक. थो तवाच सोता पुरं नाव घेऊ लागला, तं ह्या लोकायले काय काम राहीन? कोन हाक मारन मले?"

भागीरथाबाई सबनीसांकडे वळल्या. "सायेब, थ्या दिवशी तुमच्या कंपनीनं लाल बत्ती लावली, तरी मी थांबली नाई. आता तुमी सावकाश म्हना म्हनता, तं मी सावकाश म्हननार नाई. होकाराचा कागद फाडून टाका."

"बाई, विचार करा. फोटो, नवी तबकडी, अख्ख्या महाराष्ट्रात नाव..."

"नाई निघाली तं नोको निघू," भागीरथाबाई म्हणाल्या.

"नोको!" किसनराव ओरडले, आणि मग बाहेरचे सगळे.

सबनीस संध्याकाळच्या मेलनं गेले. दोन महिन्यांनी महादेवरावांना कंपनीचं पत्र आलं. बाईंच्या तबकडीऐवजी कंपनीनं दुसऱ्याच गाण्याची तबकडी काढली होती. ती तबकडी महादेवरावांच्या काचेत अजून आहे. कव्हर सुंदर आहे, रंगीत आहे. आमच्याकडे ती कोणी मागितली नाही.

आपण चूक केली का, हे मी अजून स्वतःला विचारतो. कदाचित केली असेल. साचा गेला, बाकी प्रती झिजल्या, आणि उरलेली ही एक मी अडवून धरली. नक्कल करणाऱ्यानं नक्कलच होऊ दिली नाही. पण त्या दिवसापासून मी खिडकी बंद करत नाही. कोणी दारावर येऊन "बाबू, लावता का?" म्हटलं की लावतो. लग्नाला मागितली तर देतो. बार्शीटाकळीला मागच्या जयंतीत ती दिवसभर भोंग्यावर होती, आणि वायरीवर राखण करायला शकुनबाई बसली होती. तबकडी परत आली तेव्हा तिच्यावर पहिला ओरखडा होता. सुंदराबाईनं तो बोटानं चाचपून पाहिला आणि म्हणाली, "फुटला येकदाचा नारळ."

काल दुपारी लावली. तिसरं कडवं संपलं. गल्लीत भाजीवाली थांबली, समोरच्या ओट्यावरचे दोघं पत्ते खेळायचे थांबले. मी या वेळी ठरवून तोंड उघडलं होतं. पण गल्ली माझ्याआधी ओरडली, स्वयंपाकघरातून सुंदराबाईही ओरडली, आणि माझा आवाज सगळ्यांच्या मागून, एकटाच, उशिरा निघाला.

कोणी हसलं नाही. मी सुई उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली.